कारखान्याच्या कुंपणाआत माळ राहू द्या

प्रति,
मा. संपादक,
स.न.वि.वि.

दर वर्षी 5 जूनच्या, म्हणजे पर्यावरण दिनाच्या आसपास आपल्या जिल्ह्यातील औद्योगिक वसाहतींत आणि साखर कारखान्यांच्या आवारांत वृक्षारोपणाचे कार्यक्रम होतात, त्यांची छायाचित्रे आपल्या दैनिकासह सर्वच वृत्तपत्रांच्या सांगली आवृत्त्यांत येतात आणि किती रोपे लावली हा आकडा बहुधा मथळ्यातच असतो. या कार्यक्रमांमागच्या हेतूविषयी मला शंका घ्यायची नाही. मी कुपवाडच्या एका कारखान्यात देखभाल विभागात काम करून निवृत्त झालो आहे आणि बागेची कंत्राटे, टँकरची बिले व गवत कापणीचे दर माझ्याच टेबलावरून जात असत, त्यामुळे हा विषय मला हिशेबाच्या बाजूने जवळून माहीत आहे. माझे म्हणणे असे आहे की कारखान्याच्या मोकळ्या जागेचे मोल झाडांच्या संख्येवरून आणि लॉनच्या क्षेत्रफळावरून ठरवू नये. तेथे कोणते पक्षी, कोणते कीटक, कोणते सरपटणारे प्राणी वर्षभर राहू शकतात आणि वीण करू शकतात यावरून ते ठरावे. सांगली जिल्ह्यातल्या बहुतेक औद्योगिक भूखंडांपुरते बोलायचे, तर त्यासाठी नवे काही लावण्याआधी मूळचा गवताळ माळ आणि त्यावरच्या बोरी-बाभळी जिथे शिल्लक आहेत तिथे त्या राहू देणे, हे सर्वांत स्वस्त आणि सर्वांत परिणामकारक काम आहे.

आपल्याकडच्या औद्योगिक वसाहती कोणत्या जमिनीवर उभ्या राहिल्या, हे आधी लक्षात घ्यावे लागेल. 1962 मध्ये महाराष्ट्र औद्योगिक विकास महामंडळ स्थापन झाले आणि पुढे कुपवाड, मिरजेपासून कवठेमहांकाळ, जतपर्यंत वसाहती झाल्या. कृष्णाकाठची काळी बागायती जमीन उद्योगाला देणे कोणालाच परवडणारे नव्हते, म्हणून साहजिकच मुरमाड, उथळ मातीचे, कमी उत्पन्नाचे माळ निवडले गेले. जिल्ह्याच्या पूर्वेकडे, जत आणि आटपाडी तालुक्यांत, वर्षाचा पाऊस सरासरी 500 मिलिमीटरच्या आसपास असतो. एवढ्या पावसावर आणि अशा जमिनीवर निसर्गतः दाट जंगल होत नाही. तेथे होते ते कुसळी, पवन्या, मारवेल यांसारखे गवत, आणि त्यात विखुरलेली हिवर, बाभूळ, बोर, हेंकळ, नेपती, तरवड व रुई. दुरून हे सगळे उजाड दिसते, विशेषतः मार्च ते मे या महिन्यांत, आणि म्हणूनच महसुली नोंदींत, आराखड्यांत आणि आपल्या बोलण्यातही ही जमीन रिकामी समजली जाते.

प्रत्यक्षात ती रिकामी नसते. चंडोलाच्या जातींचे पक्षी गवताच्या बुंध्याशी जमिनीवरच घरटे करतात. माळटिटवी उघड्या मुरमावर, दोन-चार खड्यांच्या आधाराने अंडी घालते आणि ती अंडी मुरमात इतकी मिसळून जातात की सावकाश चालणाऱ्या माणसालाही दिसत नाहीत, मग ट्रॅक्टरच्या चालकाला कुठून दिसणार? तित्तीर झुडपांच्या आडोशाने राहतो, खाटीक पक्षी बाभळीच्या काट्यावर टोळ टोचून ठेवतो, आणि हिवाळ्यात मध्य आशियातून येणारे भोवत्या हे शिकारी पक्षी दिवसभर टोळ, उंदीर टिपून रात्री उंच गवतात जमिनीवरच उतरतात. भोवत्यांना मोठे सलग गवत लागते, ते कुपवाडच्या दाटीत मिळणार नाही. पण जत आणि कवठेमहांकाळकडच्या प्रकल्पांची आवारे त्या मानाने ऐसपैस आहेत, आणि चंडोल किंवा टिटवी यांना तर अर्ध्या एकराचा न तुडवलेला कोपराही चालतो. या पक्ष्यांपैकी एकालाही गुलमोहराच्या सावलीचा उपयोग नाही. उलट माळाच्या मधोमध झाडांच्या रांगा उभ्या केल्या की कावळे, शिक्रे यांना टेहळणीची जागा मिळते आणि जमिनीवर अंडी घालणारे पक्षी ती जागा सोडतात. झाड लावणे हे नेहमीच पुण्याचे काम असते असे मानणाऱ्या आपल्या समाजाला ही गोष्ट पटवणे अवघड आहे, याची मला कल्पना आहे.

आता नियमांकडे पाहू. औद्योगिक महामंडळाच्या भूखंडाच्या करारात भूखंडधारकाने झाडे लावण्याची अट असते: दर 200 चौरस मीटरला एक झाड आणि रस्त्याच्या बाजूला दर 15 मीटरला एक झाड. मोठ्या प्रकल्पांच्या पर्यावरण मंजुरीत एकूण क्षेत्राच्या 33 टक्के भागावर हरितपट्टा करण्याची अट वर्षानुवर्षे घातली गेली आहे. ज्या काळात या अटी आल्या त्या काळात त्यांची गरज होती, धूळ आणि आवाज अडवण्यासाठी आजही आहे. पण दोन्ही अटींची पूर्तता मोजली जाते ती संख्येत आणि क्षेत्रफळात. तपासणीला आलेल्या अधिकाऱ्याला रोपे मोजता येतात. ती कोणत्या जातीची आहेत, त्यांच्यावर काय जगते, हे पाहण्यासाठी त्याच्या नमुन्यात रकाना नाही. मग ज्याला कंत्राट मिळाले तो जे रोप स्वस्त आणि भराभर वाढणारे असते तेच आणतो. गुलमोहर मादागास्करचा, रेनट्री आणि गिरिपुष्प अमेरिका खंडातले, सुबाभूळ मेक्सिकोकडचे, सिल्व्हर ओक ऑस्ट्रेलियाचा. अलीकडे कुंपणालगत भिंतीसारखा लावला जाणारा कोनोकार्पस इतका फोफावला की गुजरात सरकारने 2023 मध्ये त्याच्या लागवडीवर बंदी घातली. आपल्याकडच्या रोपवाटिकांत तो अजून विकला जातो आणि कारखान्यांच्या प्रवेशद्वारापाशी हौसेने लावलाही जातो. परदेशी झाड म्हणजे वाईटच, असा माझा हट्ट नाही. जुन्या साखर कारखान्यांच्या वसाहतींतील रेनट्रींवर बगळ्यांच्या पिढ्या वाढल्या आहेत आणि ती झाडे पाडावीत असे मी कधीच म्हणणार नाही. परंतु इथल्या फुलपाखरांच्या अळ्या ठराविक इथल्याच वनस्पतींची पाने खातात, आणि त्या वनस्पती नसतील तर फुलांचे कितीही ताटवे लावले तरी फुलपाखरे पाहुण्यासारखी येऊन जातात, अंडी घालत नाहीत. रुईवर प्लेन टायगर वाढते, तरवड आणि बहाव्यावर पिवळी-पांढरी स्थलांतरी फुलपाखरे वाढतात, लिंबू आणि कढीपत्त्यावर लाइम बटरफ्लाय वाढते. 2015 मध्ये राज्य फुलपाखराचा मान मिळालेले ब्लू मॉर्मन, म्हणजेच राणी पाकोळी, हीसुद्धा लिंबू कुळातल्याच झाडांवर अंडी घालते. यांपैकी रुई आणि तरवड ही दोन झुडपे कारखान्याच्या आवारात सर्वांत आधी उपटली जातात, कारण ती तण म्हणून ओळखली जातात.

लॉनविषयी थोडे विस्ताराने लिहिणे भाग आहे, कारण पैसा आणि पाणी दोन्ही तेथेच जातात. उन्हाळ्यात आपल्याकडे दिवसाला साधारण पाच मिलिमीटर पाणी बाष्प होऊन उडते असे धरले, तरी एका चौरस मीटरला रोज पाच लिटर आणि एका एकराला रोज सुमारे 20 हजार लिटर पाणी द्यावे लागते, म्हणजे दहा हजार लिटरचे दोन टँकर. सांडपाणी शुद्ध करून आम्ही ते बागेलाच देतो, असे उत्तर अनेक व्यवस्थापने देतात, आणि ते चुकीचे नाही. पण तेच पाणी कूलिंग टॉवरला किंवा शौचालयांच्या फ्लशिंगला वापरून ताजे पाणी वाचवता येते. इतके पाणी पाजून, दर आठवड्याला कापून, कीटकनाशक फवारून जे हिरवे पृष्ठ तयार होते, त्यावर साळुंक्या, बगळे आणि एखादा हुदहुद यांपलीकडे फारसे काही दिसत नाही, कारण गवताला फूल येऊ द्यायचे नाही आणि बी धरू द्यायचे नाही हाच लॉनचा नियम आहे. सुगरणीचेच उदाहरण घ्या. तिला घरटे विणण्यासाठी उंच गवताच्या किंवा उसाच्या पात्याचे लांब धागे लागतात, घरटे टांगण्यासाठी विहिरीवर किंवा पाण्यावर झुकलेली बाभूळ लागते आणि पिल्लांना भरवण्यासाठी किडे लागतात. वाळवा-पलूस भागात ऊस मुबलक असल्याने पहिली गोष्ट मिळते. विहिरीकाठच्या बाभळी मात्र झपाट्याने चालल्या आहेत. एखाद्या कारखान्याने आपल्या पाण्याच्या साठवण तळ्याच्या काठावर चार बाभळी वाढू दिल्या आणि काठाचे गवत पावसाळाभर कापले नाही, तर सुगरण स्वतःहून येते, तिच्यासाठी बाजारातून लाकडी घरटी आणून टांगण्याची गरज नाही.

या ठिकाणी व्यवस्थापनाकडून येणारी हरकत मला पाठ आहे: गवत वाढले की साप येतील, आग लागेल, आणि ग्राहकाचे ऑडिट आले की फाइव्ह एसचे, म्हणजे कामाची जागा नीटनेटकी ठेवण्याच्या पद्धतीचे गुण जातील. तिन्ही हरकती खऱ्या आहेत आणि त्या उडवून लावून चालणार नाही. आगीचे आधी. वेल्डिंगच्या ठिणगीने किंवा कोणी टाकलेल्या विडीच्या थोटकाने वाळलेले गवत पेट घेते, आणि बगॅसचा, म्हणजे उसाच्या चिपाडाचा ढीग किंवा रंगाचे गोदाम शेजारी असेल तर तो प्रश्न शोभेचा राहत नाही, माणसांच्या जिवाचा होतो. त्यावर वन विभाग करतो तोच उपाय आहे: इमारती, साठे आणि कुंपण यांच्या कडेने रुंद जाळरेषा, म्हणजे गवत नसलेला पट्टा काढून ती कायम स्वच्छ ठेवायची, आणि गवत बी गळून गेल्यावर, म्हणजे दिवाळीनंतर नोव्हेंबर-डिसेंबरमध्ये, अर्ध्या फुटाचे बुंधे ठेवून कापून घ्यायचे. सगळे एकाच वर्षी कापू नये; अर्धा भाग यंदा, अर्धा पुढच्या वर्षी, म्हणजे हिवाळ्यात आसरा शोधणाऱ्या जीवांना काहीतरी उरते. जो भाग उभा राहील तो गोदामापासून लांबचा असावा, हे ओघाने आलेच. कापलेल्या गवताला आपल्या जिल्ह्यात गिऱ्हाईक शोधावे लागत नाही. पूर्व भागातील पशुपालकांना आणि मेंढ्या घेऊन उतरणाऱ्या धनगर बांधवांना चाऱ्याची निकड असते. लेखी परवानगी देऊन, दिवस ठरवून त्यांना कापणी करू दिली, तर लॉन कापण्याच्या मजुरीपेक्षा हा व्यवहार नक्कीच स्वस्तात पडतो.

साप उंदरांमागे येतात आणि उंदीर कँटीनच्या खरकट्यामागे. आवारात एक फूटही गवत नसलेल्या कारखान्यांतून सर्पमित्रांना बोलावणी जातात, ती पॅलेटच्या ढिगांतून, केबलच्या खंदकांतून आणि भंगाराच्या यार्डातून. नाग, घोणस, मण्यार, फुरसे हे चारही विषारी साप आपल्या जिल्ह्यात आहेत, तेव्हा पायवाटा, वाहनतळ आणि कामाच्या जागा यांच्या भोवती गवत नसलेला मोकळा पट्टा हवा, रात्रपाळीला बॅटरी आणि गमबूट हवेत, आणि जवळच्या कोणत्या रुग्णालयात प्रतिसर्पविष उपलब्ध आहे हे सुरक्षा केबिनमध्ये लिहिलेले हवे. साप मारणे हा वन्यजीव संरक्षण कायदा, 1972 नुसार गुन्हा आहे, हेही त्याच फलकावर लिहायला हरकत नाही. उंदरांसाठी विषारी गोळ्या टाकण्याची पद्धत मात्र थांबवली पाहिजे, कारण विष खाऊन सुस्तावलेला उंदीर गव्हाणी घुबडाच्या हाती सहज लागतो आणि विष त्या घुबडाच्या पोटात जाते. उंदरांचा खरा बंदोबस्त करणारा हा पक्षी साखरेच्या व धान्याच्या जुन्या गोदामांच्या झरोक्यांत पूर्वी सर्रास राही. पत्र्याच्या नव्या शेडना झरोकाच नसतो. कँटीनचे खरकटे झाकून ठेवणे हे यापेक्षाही महत्त्वाचे आहे, कारण उघड्या खरकट्यावर कुत्र्यांची संख्या वाढते, ती कुत्री टिटवी-तित्तिरांची अंडी फस्त करतात, आणि शिराळा-वाळवा पट्ट्यात जेथे उसात बिबट्याचा वावर आहे तेथे कुत्र्यांमागे बिबट्याही येतो. आपल्याला आवारात अधिवास करायचा आहे तो लहान जीवांचा; बिबट्या, हरीण, रानडुक्कर यांना आत ओढणारी सोय करू नये, इतके तारतम्य ठेवावेच लागेल.

फाइव्ह एसचे उत्तर सर्वांत सोपे आहे. ज्या भागात गवत मुद्दाम राखले आहे त्याची हद्द दगडांनी आखून घ्यावी, काठ नीट कापलेला असावा, फलकावर क्षेत्र, कापणीचा महिना आणि जबाबदार कर्मचारी लिहावा, आणि आवाराच्या मंजूर नकाशात त्याची नोंद करावी. ऑडिटरला अव्यवस्था चालत नाही; पण जे लिहून ठेवले आहे आणि लिहिल्याप्रमाणे केले आहे ते त्याला चालते, हे कारखान्यात नोकरी केलेला कोणीही सांगेल.

झाडांचा प्रश्न मी टाळत नाही. जेथे मातीची खोली आहे, रस्त्यांच्या कडा आहेत, फाउंड्रीची धूळ अडवायची आहे, तेथे झाडे हवीतच आणि ती भरपूर हवीत. धुळीसाठी करंज, कडुनिंब, शिरीष आहेत. उंबर, वड, पिंपळ आणि नांद्रुक यांना वेगवेगळ्या वेळी फळे येतात, त्यामुळे ही झाडे जवळपास असली की तांबट, धनेश, कोकीळ, हरियल आणि वटवाघळे यांचे वर्ष निभावते. पळस, पांगारा आणि काटेसावर ऐन कोरड्या दिवसांत, पाने गळालेली असताना फुलतात आणि तेव्हा दुसरीकडे मध फारसा नसतो. उंबराची मुळे पाइपलाइनमध्ये शिरतात ही तक्रार रास्त आहे; म्हणून तो इमारतीपासून लांब, भूखंडाच्या कोपऱ्यात लावावा. त्याहून दुर्लक्षित गोष्ट म्हणजे वाळलेली फांदी. तांबट पक्षी वठलेल्या, मऊ झालेल्या फांदीत स्वतः भोक कोरून घरटे करतो आणि पोपट, साळुंकी, पिंगळा यांना झाडांच्या अशा ढोली आयत्या लागतात. कारखान्याच्या आवारात वाळकी फांदी दिसली की दुसऱ्या दिवशी ती उतरवली जाते. माणसांच्या डोक्यावर असेल तर उतरवावीच, पण मागच्या कुंपणाशी उभ्या असलेल्या वठलेल्या बाभळीने कोणाचे काय बिघडते? पालापाचोळा जाळण्याची सवयही अशीच आहे. पाचोळा झाडाच्या बुंध्याशी राहिला तर त्यात गांडुळे, गोगलगाई, वाळवी वाढतात आणि सातभाईंचा थवा दिवसभर तेथेच उकरत बसतो.

साखर कारखान्यांविषयी वेगळे लिहिले पाहिजे, कारण त्यांच्याइतकी मोठी आणि जुनी आवारे जिल्ह्यात दुसऱ्या कोणाकडे नाहीत. त्यांच्या सभोवती मैलोगणती ऊस आहे, आणि ऊस तुटला की त्या शिवारात उभे असे काही राहत नाही. अशा वेळी कारखान्याच्या वसाहतीतील जुनी झाडे हाच पक्ष्यांचा आसरा असतो. पावसाळ्यात या झाडांवर गायबगळे, ढोकरी, रातबगळे यांची सारंगागारे भरतात, म्हणजे शेकड्यांनी घरटी होतात, आणि खाली विष्ठेची घाण व वास होतो. क्वार्टरमध्ये राहणाऱ्यांचा त्रास खरा आहे. पण जुलै-ऑगस्टमध्ये तक्रार आली म्हणून त्याच आठवड्यात फांद्या तोडल्या, तर उडता न येणारी पिल्ले जमिनीवर पडून मरतात. छाटणी करायचीच असेल तर घरटी रिकामी झाल्यावर, हिवाळ्यात करावी, पार्किंग आणि पाण्याच्या टाक्या त्या झाडांखालून हलवाव्यात आणि दोन-तीन झाडे त्यांच्यासाठी सोडून द्यावीत.

पाण्याच्या साठ्यांबाबत एक धोका सहसा कोणाच्या लक्षात येत नाही. अग्निशमनासाठी किंवा बागेसाठी प्लॅस्टिक अंथरून केलेली तळी उभ्या, गुळगुळीत काठांची असतात. पाणी प्यायला उतरलेला मुंगूस, घोरपड, ससा किंवा पक्ष्याचे पिल्लू एकदा आत घसरले की वर येत नाही. तळ्याच्या दोन-तीन बाजूंना जाड दोराची जाळी किंवा पोत्यांचा उतार सोडणे हे पाचशे-हजार रुपयांचे काम आहे. नवे तळे करायचे असेल तर निदान एक काठ उथळ, मातीचा आणि दगडांचा ठेवावा, त्यात लव्हाळा वाढू द्यावा. डासांचे भय वाटते खरे, परंतु साचलेल्या टायरात आणि ड्रममध्ये डास जितके होतात तितके चतुर व टाचण्या हे उडते कीटक, बेडूक आणि इथले छोटे मासे असलेल्या तळ्यात होत नाहीत, कारण चतुरांच्या अळ्या डासांच्या अळ्याही खातात.

उद्योगाने जमीन सांभाळल्याची उदाहरणे आपल्याला परकी नाहीत. सुमंत मुळगावकरांनी पिंपरी-चिंचवडच्या टेल्कोच्या, म्हणजे आजच्या टाटा मोटर्सच्या आवारात झाडी आणि तळे यांना जागा दिली आणि तेथे आजही पाणपक्षी येतात. विक्रोळीत गोदरेजने आपल्या जमिनीवरची खारफुटी राखली. आपल्या जिल्ह्याचे म्हणाल तर औंध संस्थानातील एका ओसाड, निवडुंगाच्या माळावर 1910 मध्ये लक्ष्मणराव किर्लोस्करांनी कारखान्यासोबत गाव वसवले, आणि तेथून फार दूर नसलेल्या सागरेश्वरचा उघडा डोंगर धों. म. मोहिते यांच्या चिकाटीमुळे 1985 मध्ये 10.87 चौरस किलोमीटरचे अभयारण्य झाला. सागरेश्वरचे यश मोठे आहे. तरी प्रत्येक उघड्या जमिनीचे सागरेश्वर करायला निघू नये, असे मला वाटते. डोंगरउतारावरची धूप थांबवायला झाडी हवी होती. सपाट माळावर खड्डे खणून, ट्रकने काळी माती आणून, ठिबक अंथरून झाडी उभी करणे म्हणजे जे होते ते मोडून भलतेच काही बसवणे होय. कंपनी कायदा, 2013 च्या कलम 135 खाली मोठ्या कंपन्यांना मागच्या तीन वर्षांच्या सरासरी निव्वळ नफ्याच्या 2 टक्के रक्कम सामाजिक कामांवर खर्च करावी लागते, तिच्यातून वृक्षलागवडीसाठी गावांचे गायरान आणि माळच निवडले जातात. या निधीतून काम करणाऱ्या संस्थांनी खड्डे खणण्याआधी त्या माळावर एक पावसाळा आणि एक हिवाळा काय काय येते ते पाहून लिहून ठेवले, तर बरीच चुकीची लागवड टळेल. कुपवाड-मिरजेतील बहुसंख्य लहान कारखाने या कलमाच्या कक्षेत येतच नाहीत. त्यांच्यासाठी वेगळा निधी शोधण्याची गरजही नाही, कारण मी वर सांगितलेली बहुतेक कामे खर्च कमी करणारी आहेत.

जैविक विविधता कायदा, 2002 नुसार प्रत्येक स्थानिक स्वराज्य संस्थेत जैवविविधता व्यवस्थापन समिती असते आणि तिने लोक जैवविविधता नोंदवही तयार करायची असते. सांगली, मिरज आणि कुपवाड महानगरपालिकेच्या तसेच औद्योगिक वसाहतींलगतच्या ग्रामपंचायतींच्या समित्यांनी या नोंदवहीत कारखान्यांच्या आवारांसाठी स्वतंत्र प्रकरण करावे, आणि विलिंग्डनसारख्या महाविद्यालयांच्या वनस्पतिशास्त्र व प्राणिशास्त्र विभागांतील विद्यार्थ्यांना व्यवस्थापनांनी वर्षातून किमान दोनदा आत येऊन नोंदी करू द्याव्यात. गेटपासची अडचण येते हे मला ठाऊक आहे, मीही असे पास देण्यात अनेकदा हात आखडता घेत असलेली व्यवस्था पाहिली आहे. पण उत्पादन विभागात न जाता मागच्या भूखंडावर फिरायला कोणते गुपित आड येते? औद्योगिक महामंडळाने नवे करार करताना झाडांच्या संख्येच्या अटीला जोडून मूळ गवताळ जमिनीचा काही भाग न खणता राखण्याची मुभा द्यावी, आणि तो भाग हरितपट्ट्यात धरावा. तसे झाले नाही तर, माळ राखणारा कारखाना कागदोपत्री कसूरदार आणि कोनोकार्पसची भिंत उभी करणारा कारखाना आदर्श, असेच चालू राहील.

हे होईल तेव्हा होईल. तोपर्यंत उद्योजक संघटनांच्या सदस्यांना माझी एक साधी विनंती आहे. पाऊस सुरू होत आहे. आपल्या भूखंडाच्या मागच्या बाजूचा, विस्तारासाठी राखून ठेवलेला आणि तूर्त कोणाच्याच कामाचा नसलेला तुकडा निवडावा, त्यावर यंदा तणनाशक मारू नये, दिवाळी होईपर्यंत ब्रश कटर नेऊ नये, आणि त्या तुकड्याची कापणी झाली नाही म्हणून बागेच्या कंत्राटदाराचे बिल कापू नये.

कळावे,

आपला विश्वासू,
एक निवृत्त कारखाना कर्मचारी,
कुपवाड, जि. सांगली